पुतळ्याचा डावा सुळा

मातीचा तो चेहरा बैठकीच्या खोलीत आला, तेव्हा बाईसाहेब आपल्या नेहमीच्या खुर्चीत पाठ न टेकवता बसल्या होत्या. पाठ टेकवणे हा आजाऱ्यांचा आणि जावयांचा हक्क आहे असे त्यांचे मत होते, आणि घरात त्या दिवशी दोन्हींपैकी कोणी नव्हते. चेहरा माणसाच्या तोंडवळ्याच्या तिप्पट मोठा होता. ओल्या फडक्यात गुंडाळून, जाड फळीवर ठेवून दोघांनी तो उचलून आणला. मागून पाणी फवारायची बाटली घेऊन शिल्पकार आला, आणि त्याच्या मागे पोलीस मुख्यालयाच्या उपनिरीक्षकबाई, हातात निळी फाइल.

फाइलमध्ये एकच कागद होता. माजी राष्ट्राध्यक्षांच्या बाराव्या स्मृतिदिनी मुख्यालयासमोरच्या चौकात त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहणार होता, आणि चेहरा कुटुंबाला मान्य असल्याची सही आज पाच वाजेपर्यंत मिळाली, तरच ओतकाम वेळेत होणार होते. सही त्यांच्या पत्नीची, म्हणजे बाईसाहेबांचीच लागणार होती. थोरल्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, स्मारक समितीचा अध्यक्ष या नात्याने आपली सही चालेल का, असे दोनदा विचारून पाहिले होते. मुख्यालयाने दोन्ही वेळा त्याच्या आईची प्रकृती विचारली होती.

पोलिसांनी त्यांची आठवण ठेवावी यात नवल नव्हते. बराकींना खिडक्या आणि शिपायांना आठवड्याची सुटी त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. त्यांच्या नावाचे शौर्यपदक दर वर्षी एका पोलिसाला दिले जाई. आजवर अकरा जणांना मिळाले होते. पदकावर राष्ट्राध्यक्षांचा नखाएवढा, किंचित वळलेला हसरा चेहरा होता, आणि त्या हसण्याला बाईसाहेबांच्या आयुष्यात मानाचे स्थान होते. राष्ट्राध्यक्षांना चारचौघांत हसताना कोणीही पाहिलेले नव्हते. त्यांच्या निधनानंतरच्या आठवड्यात टांकसाळीने छायाचित्र मागितले, तेव्हा बाईसाहेबांनी त्यांच्या टेबलाच्या खणातून ते काढून, पाकिटात घालून, स्वतः पाठवले. त्यानंतरच्या प्रत्येक समारंभात त्या एकच वाक्य बोलत आल्या होत्या, की ते असे हसायचे ते फक्त माझ्यासमोर. या वाक्यावर टाळ्या पडत. थोरला तर आता टाळ्यांसाठी आधीपासूनच हात तयार ठेवून बसे.

शिल्पकाराने फडके काढले. थोरल्याने टाळ्या वाजवल्या, मग कोणीच वाजवत नाही असे पाहून हात चोळले.

सूनबाई मात्र चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. तीस वर्षे रोज माणसांच्या तोंडात पाहिल्यावर बाकीचा माणूस त्यांच्या लेखी त्या तोंडाचे वेष्टन उरला होता. रस्त्यात भेटलेल्यांची नावे त्या विसरत, पण त्यांनी जांभई दिली की ताबडतोब ओळखत. आता त्यांना दिसत होता वरच्या ओळीतला डावा सुळा. तो शेजारच्या दातावर चढून बसला होता आणि ओठाबाहेर डोकावत होता. त्यांनी शिल्पकाराला नम्रपणे विचारले, की हा दात आपल्या कल्पनेतला आहे का. शिल्पकाराला राग आला. मूळ छायाचित्र टांकसाळीतून मागवून त्याने ते दाराएवढे मोठे करून घेतले होते आणि चार महिने त्याच्यासमोर बसला होता. जे नाही ते आपण घडवत नाही, असे त्याने सांगितले.

सूनबाईंनी चहाचे निमित्त काढले आणि नवऱ्याला मदतीला बोलावले. चहाला मदत करायला थोरल्याला बोलावले जाणे ही या घरात इतकी अभूतपूर्व गोष्ट होती, की त्याची धाकटी बहीण तत्काळ उठून मागोमाग गेली. ती न्यायाधीश होती, आणि दोन माणसे एकदम खोलीबाहेर गेली की तिला कट दिसे.

जेवणघरात सूनबाईंनी दार लोटून घेतले.

"अहो, तो दात काकांचा आहे."

थोरल्याने विचारले, कुठला दात.

"पुतळ्याचा. मागच्याच महिन्यात मी त्यांचा तो सुळा साफ केलाय. आणि बाबांना तर तिथे दातच नव्हता. तरुणपणीच काढलेला. म्हणून तर ते ओठ मिटून असायचे."

थोरल्याने एवढ्याशा दातावरून काय ठरते, असे म्हणून पाहिले. सूनबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने आपले तोंड बंद केले. कदाचित आतले काही दिसू नये म्हणून.

काका म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम पलीकडची खोली, या क्षणी दुपारच्या झोपेत. दोघा भावांचा चेहरा लहानपणापासून एकाच साच्यातला, स्वभाव मात्र दोन वेगळ्या घरांतले. काका एके काळी पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. वाजवण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, तक्रार उभे राहण्याबद्दल होती. संचलनात बारा मिनिटे निश्चल उभे राहावे लागे, आणि काकांना सातव्या मिनिटाला सावली दिसे. तिसऱ्यांदा ते रांग सोडून झाडाखाली जाऊन बसले, तेव्हा खात्याने त्यांना बडतर्फ केले. राष्ट्राध्यक्षांच्या एका शब्दाने तो हुकूम मागे घेता आला असता. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. भावासाठी वेगळा नियम नाही, एवढेच म्हणाले. त्यानंतर नऊ वर्षे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, आणि बोलू लागले तेही हवापाण्यापुरतेच. पोलिसांच्या कोणत्याही समारंभाला काका त्यानंतर गेले नाहीत, त्यामुळे ते पदक त्यांनी कधी जवळून पाहिलेच नव्हते.

हे सगळे तिघांच्याही मनात एकदमच जुळले असावे, कारण थोरला हळूच खुर्चीत बसला. खात्याने ज्याला हाकलले, त्याला खाते अकरा वर्षे आपल्या सर्वांत शूर माणसांच्या छातीवर लावत होते.

आता या घराची रीत अशी, की कोण काय म्हणणार हे म्हणण्याआधीच ठाऊक असे. धाकटी सत्याची बाजू घेई आणि थोरला शांततेची. म्हणून धाकटीने "सही होऊ द्या" असे म्हटल्यावर सूनबाईंच्या हातातली बशी वाजली.

"तू हे म्हणतेस?" थोरल्याने विचारले.

"मी म्हणतेय. कोर्टात मी परक्यांच्या आयांबद्दल बोलते. अकरा वर्षं आई व्यासपीठावरून जे सांगतेय, ते काकांचं हसू होतं, हे तिला कोण सांगणार? तू?"

थोरल्याने जन्मात आईला काही सांगितलेले नव्हते. त्याचे लग्नही त्याच्या वतीने सूनबाईंनीच सांगितले होते. तरी तो या वेळी हटला नाही. वाद टाळण्यासाठी वाटेल त्या कागदावर मान डोलावणारा हा मनुष्य अचानक ताठ झाला, आणि त्याचे कारणही त्याच्या स्वभावाला साजेसेच होते. दर स्मृतिदिनी त्या पुतळ्यासमोर भाषण त्यालाच करायचे होते.

"बाबांच्या शिस्तीवर बोलायचं आणि वर काका हसत उभे. मला ते जमणार नाही, सांगून ठेवतो."

सूनबाई सत्याच्या बाजूने होत्या, पण त्या केवळ दाताबद्दल. पुढे काय करायचे, हे त्यांच्या मते रक्ताच्या माणसांनी ठरवावे. रक्ताच्या माणसांनी मग कुजबुजत भांडायला सुरुवात केली आणि चहाचे पाणी आटून गेले. या भांडणात एकालाही हे सुचले नाही, की काकांची झोप चारला संपते.

काका उठले ते सवयीने बैठकीच्या खोलीकडे निघाले, कारण तिथल्या खिडकीत ऊन असे. दारात त्यांना प्रथम गणवेश दिसला. गणवेश दिसला की ते अजूनही आपोआप मागे वळत. आज वळण्याआधी त्यांची नजर फळीवर गेली.

ते जवळ गेले. त्या अवाढव्य चेहऱ्यासमोर आपले छोटेसे डोके एका बाजूला कलते करून उभे राहिले. तो कोट त्यांनी ओळखला. मानेखालच्या मातीत शिल्पकाराने त्याची कॉलरही कोरली होती. ज्या दिवशी अण्णा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्या दिवशी दुपारी जेवणानंतर काकांनी त्यांचा तो कोट चढवला होता आणि पोराटोरांसमोर अण्णांच्या आवाजात भाषण ठोकले होते. कोणीतरी छायाचित्र काढले होते. अण्णांनी ते पाहून फाडून टाकायला सांगितले होते.

काका हसले. ओठ बाजूला झाले आणि डावा सुळा बाहेर आला.

उपनिरीक्षकबाईंनी मातीकडे पाहिले, मग काकांकडे, मग पुन्हा मातीकडे. त्यांचे शिक्षणच असे झालेले होते की दोन चेहरे शेजारी आले की डोळे आपले काम करत. मग त्यांनी फाइल मिटली.

बाईसाहेबही पाहत होत्या. चारचौघांत त्या चष्मा लावत नसत, आणि ते छायाचित्र त्यांनी हातभर अंतरावरून, डोळे भरून आलेले असतानाच पाहिले होते. एवढ्या मोठ्या चेहऱ्याला चष्म्याची गरज नव्हती. फडके निघाले त्याच क्षणी त्यांना काहीतरी परके वाटले होते, आणि तो दोष त्यांनी मातीला दिला होता. आता शेजारी शेजारी दोन हसू होती, आणि दोन्ही एकाच माणसाची होती.

जेवणघरातले तिघे धावत आले तेव्हा फार उशीर झाला होता.

"वहिनी," काकांनी विचारले, "हा फोटो तुम्हाला कुठे मिळाला?"

"त्यांच्या टेबलाच्या खणात."

"कुठल्या खणात?"

"वरच्या. कुलपातल्या."

काका जवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "मला तर फाडून टाक म्हणाला होता. नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाही तो."

"न बोलायला फोटोची अडचण होत नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

त्यांनी हे करड्या आवाजात म्हटले, पण काकांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसायला बराच वेळ लावला.

तेवढ्यात धाकटीने सूत्रे हातात घेतली. तिने उपनिरीक्षकबाईंना सांगितले, की कागदावर "चेहरा कुटुंबातील आहे व साम्य समाधानकारक आहे" असे वाक्य लिहिता येईल. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. शिल्पकाराला ते इतके आवडले, की त्याने लगेच पेन पुढे केले. थोरलासुद्धा क्षणभर डळमळला. बहिणीच्या वाक्यांपुढे तो लहानपणापासून डळमळत आला होता. पाचला वीस मिनिटे होती.

"मला विचारा की कोणीतरी," काका म्हणाले. "बारा मिनिटं उभं राहवत नव्हतं म्हणून ज्यांनी मला घालवलं, त्यांच्याच दारात कायमचा उभा करताय. तेही उन्हात."

उपनिरीक्षकबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. पण लगेच त्यांचा हात छातीवरच्या पदकाकडे गेला; त्या अकरा जणांपैकी त्याही एक होत्या. पदक समारंभापुरतेच लावायचे असते. आज राष्ट्राध्यक्षांच्या घरी जायचे म्हणून त्यांनी ते मुद्दाम लावले होते. सहा वर्षांपूर्वी पेटलेल्या गोदामातून त्यांनी तीन हमालांना बाहेर काढले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून मिटत नसत. त्या आता पदकाकडे वरून, हनुवटी छातीला लावून पाहत होत्या, आणि असे पाहताना त्या फारच तरुण दिसत होत्या.

ते पाहिले आणि बाईसाहेबांनी पेन बाजूला सारले. कागद हा कागद असतो. त्यावर काय लिहून सुटता येते हे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला कोणी शिकवायला नको होते. पण ही मुलगी त्या पदकाला उद्या काय म्हणणार होती, ते कागदावर ठरणार नव्हते.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

हे शब्द या घरात कोणी ऐकलेले नव्हते. सूनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. थोरल्याला वाटले, डॉक्टरांना फोन करावा, आणि मग दातांची का होईना, डॉक्टर घरातच आहे हे आठवून तो थांबला.

"मी माझ्या नवऱ्याचा चेहरा ओळखला नाही. तुमच्या वरिष्ठांना असंच्या असं सांगा, गोड करून सांगू नका."

उपनिरीक्षकबाईंनी घसा साफ केला आणि विचारले, की मग पदके परत मागवली जातील का.

"का म्हणून? तू आगीत शिरलीस म्हणून ते दिलंय. त्याच्यावर कोण हसतंय, याचा त्याच्याशी काय संबंध? पदकाला नाव त्यांचं आहे, ते त्यांचंच राहील." त्यांनी थोरल्याकडे बोट केले आणि त्याने न सांगताच कागद घेतला. "अकराही जणांना माझ्या सहीचं पत्र जाईल. झालं ते सगळं त्यात लिहायचं. ज्याला बदलून हवं त्याला समिती बदलून देईल."

"मला बदलून नको," उपनिरीक्षकबाई म्हणाल्या.

बाईसाहेबांना कोणी मध्येच बोललेले चालत नसे. त्या थांबल्या.

"दोन महिने रुग्णालयात होते मी. पदक तिथेच आणून दिलं, उशाशी होतं. रात्री जाग आली की कोणीतरी हसणारं दिसायचं." त्यांनी ओशाळून काकांकडे पाहिले. "साहेबांचा खरा फोटो आमच्या ठाण्यात आहे, बाईसाहेब. त्यांच्यासमोरून गेलं की अजून माझी कॉलर आपोआप नीट होते. त्यांच्यासमोर रडता आलं नसतं."

काका स्टुलावरून उठले आणि ताठ उभे राहिले. ते किती वेळ टिकेल हे सर्वांनाच ठाऊक होते, तरी ते उभे राहिले. बडतर्फ माणसाला सलाम करता येत नाही असा नियम आहे. उपनिरीक्षकबाईंनी काकांच्या डोळ्यांत पाहत आपली टोपी नीट केली. त्याबद्दल कोणताच नियम नाही.

"अजून एक लिही," बाईसाहेब थोरल्याला म्हणाल्या. त्या आता कोणाकडेच पाहत नव्हत्या. "ते माझ्यासमोर असे हसायचे, असं मी दर वर्षी सांगितलं. ते हसायचे नाहीत. माझ्यासमोरसुद्धा नाही. तो फोटो सापडला तेव्हा मला वाटलं, कधीतरी हसले असतील आणि माझंच लक्ष नसेल. पुढे ते बोलता बोलता खरं झालं."

थोरल्याचे पेन थांबले होते. धाकटीने, जिने असंख्य कबुलीजबाब कोरड्या डोळ्यांनी ऐकले होते, खिडकीबाहेर पाहिले. सूनबाई सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि बाईसाहेबांनी कितीतरी वर्षांनी पाठ टेकवली. फार वेळ नव्हे.

शिल्पकार मात्र हवालदिल झाला होता. नवा चेहरा घडवायला दोन महिने लागतील, स्मृतिदिन जाईल, ओतकामवाला दुसरे काम धरील, असे तो मातीलाच सांगितल्यासारखे सांगत होता. त्याने हाताने फडके उचलले.

"माती ओली आहे ना?" बाईसाहेबांनी विचारले.

तो हो म्हणाला.

त्या उठल्या. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि चेहऱ्यासमोर गेल्या. शिल्पकार काही बोलण्यासाठी पुढे झाला, तेव्हा सूनबाईंनी त्याला हाताने थोपवले आणि हलक्या आवाजात सांगितले, की तोंड मिटले की दोघा भावांचे जबडे एकसारखे आहेत, आपण खात्री देतो.

बाईसाहेबांनी अंगठा त्या वर आलेल्या दातावर ठेवला आणि दाबला. वरचा ओठ खाली ओढला, खालचा वर आणला. मग डावा कोपरा खाली, मग उजवा. चोपन्न वर्षांच्या संसारात हे तोंड इतक्या वेळा आपल्यासमोर मिटलेले त्यांनी पाहिले होते, की त्यांना क्षणभरही थांबून आठवावे लागले नाही. एक रेघ राहिली होती, ओठाखालची. कोणी उशिरा आले की ती पडत असे. ती त्यांनी नखाने ओढली.

त्या दोन पावले मागे सरल्या. थोरल्याचे बोट नकळत शर्टाच्या वरच्या गुंडीकडे गेले. धाकटी सरळ उभी राहिली. काकांनी स्टूल मागे ढकलले.

बाईसाहेबांनी मातीचा हात पदराला पुसला, मग तोच पदर सावरून खांद्यावर घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता आले."

आणि पेन मागितले.